दिव्याखालचा अंधार

मुंबईहून जुन्या रस्त्यानें पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाला खोपोली गांव जवळ आलें कीं समोरच्या सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं उतरणारे प्रचंड लोखंडी नळ दिसूं लागतात. या नळांतून लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचें पाणी सुमारें सतराशें फूट खालीं कोसळतें, यंत्रघरांतील चक्रें फिरवितें, आणि त्या फिरण्यांतून निर्माण झालेली वीज तारांवरून मुंबईकडे धांवते. १९१५ सालीं सुरू झालेला हा क्रम आजही चालू आहे. तें दृश्य पाहून प्रवाशाच्या मनांत शास्त्राविषयीं आदर उत्पन्न होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु गाडी घाटाला लागते आणि एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं ही वीज जन्मास येते, त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर वस्ती करून राहिलेल्या माणसांच्या घरीं दिवा केव्हां लागला? आणि लागला तो टिकला काय?

हा प्रश्न वरवर पाहतां कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यांतील दोन तालुक्यांपुरता दिसतो. वस्तुतः तो शहरांतील प्रत्येक घराशीं बांधलेला आहे. दारिद्र्य म्हटलें कीं डोळ्यांपुढें रिकामें ताट येतें. परंतु ताटांतील अन्न शिजविण्यास जाळ लागतो, रात्रीं मुलाला पाटी-पुस्तक दिसण्यास उजेड लागतो, दळण, पाणी आणि औषध यांस आतां वीज लागते. या गोष्टी ज्या घरास मिळत नाहींत, किंवा मिळविण्यासाठीं ज्या घरांतील स्त्रीला अर्धा दिवस व अर्धें आयुष्य खर्चावें लागतें, तें घर अन्नाला मोताद नसलें तरी दरिद्रीच होय. या दारिद्र्याला आज ऊर्जेचें दारिद्र्य असें नांव मिळालें आहे. नांव नवें असलें तरी दुखणें जुनेंच आहे.

प्रथम इतिहास पाहूं. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाचें पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या अखेरच्या काळांतील. त्यांचें निधन १९०४ सालीं झालें. कंपनी १९१० सालीं स्थापन झाली, आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें लोणावळ्यास कोनशिला बसली. बरोबर चार वर्षांनीं, १९१५ च्या फेब्रुवारींत, खोपोलीच्या केंद्राचें उद्घाटन झालें. त्यामागून कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें केंद्र १९२२ सालीं आणि दक्षिणेकडे भिऱ्याचें केंद्र १९२७ सालीं सुरू झालें. भिऱ्यास पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणासाठीं मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्यांच्या बाजूनें १९२१ सालीं सेनापति बापट यांनीं सत्याग्रह केला, तो महाराष्ट्रास ठाऊक आहे. या वीजकेंद्रांनीं मुंबईवर उपकार केले नाहींत असें कोणी म्हणणार नाहीं. गिरण्यांची दगडी कोळशावरची भिस्त कमी झाली, कारखाने वाढले, घराघरांत दिवे आले. मात्र या सर्व योजनेंत पाण्याची दिशा जशी वरून खालीं, तशी विजेची दिशा डोंगराकडून शहराकडे, हें पहिल्या दिवसापासून ठरलेलें होतें. वाटेवरच्या वस्तीला वीज देणें हा त्या योजनेचा हेतु नव्हता, आणि त्या काळीं तसा कोणी विचारही केला नाहीं.

या तारांचा अर्थ काय, हें या भागांतील तरुणांना मात्र नीट कळत होतें. १९४२ च्या आंदोलनांत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें या डोंगरपट्ट्यांतील विजेचे मनोरे पाडले. मनोरा पडला कीं मुंबईचे कारखाने अडतात, आणि कारखाने अडले कीं परकीय सरकार अडतें, असें त्यांचें गणित होतें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या जंगलांत पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. हा पराक्रम पाठ्यपुस्तकांत आहे. भाई कोतवालांचें दुसरें एक काम मात्र कमी सांगितलें जातें. पावसाळ्यांत खावटीसाठीं शेतकरी सावकाराच्या दारीं जाऊं नये म्हणून त्यांनीं गांवोगांव धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. सुगीला धान्य ठेवावें, अडचणींत उचलावें, पुन्हां सुगीला फेडावें. ही धान्यकोठी ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

स्वराज्य आल्यावर वीज ही केवळ कारखान्याची वस्तु राहिली नाहीं, ती खेड्याचा हक्क ठरली. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें, १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरणासाठीं केंद्राचें महामंडळ निघालें, आणि पुढें दर दशकांत नव्या नांवाची योजना येत गेली. खांब रोवले गेले, तारा ओढल्या गेल्या. हें काम लहान नव्हे. परंतु कोणत्याही कामाचें माप कसें घ्यावयाचें, यावर त्याचा शेवट अवलंबून असतो. १९९७ पर्यंत नियम असा होता कीं गांवाच्या महसुली हद्दींत कोणत्याही कामासाठीं वीज वापरली गेली कीं तें गांव विद्युतीकरण झालेलें समजावें. एखाद्या शेतावर पंप चालूं लागला तरी गांव उजळलें! २००४ सालीं व्याख्या सुधारली. सार्वजनिक ठिकाणें आणि शेंकडा १० घरें यांस वीज मिळाली म्हणजे गांव पूर्ण झालें असें ठरलें. याच व्याख्येप्रमाणें २८ एप्रिल २०१८ रोजीं देशांतील शेवटच्या गांवांत वीज पोहोंचल्याचें जाहीर झालें. जाहीर झालें तें व्याख्येप्रमाणें खरेंच होतें. परंतु शंभरांतील दहा घरें उजळलीं तर उरलेलीं नव्वद कोठें मोजावीं?

कर्जत-खालापूरच्या बाबतींत या व्याख्येचा परिणाम विशेष जाणवतो. याचें कारण तेथील वस्तीची रचना. महसुली गांव खालच्या सपाटीवर, भातखाचरांच्या कडेला, रस्त्याजवळ असतें. त्याच गांवाच्या नांवावर डोंगरउतारावर चार-पांच वाड्या असतात. कोणी ठाकूरवाडी, कोणी कातकरवाडी. गांवांत वीज येते, शाळा येते, दुकान येतें. वाडीला जावयाचें तर पायवाटेनें, ओढा ओलांडून. सरकारी कागदांत गांव एक, पण माणसें दोन जगांत राहतात. २०१७ च्या सप्टेंबरांत सौभाग्य योजना निघाली, आणि तिनें प्रथमच गांवाऐवजीं घर हें माप धरलें. गरिबास जोडणी फुकट, इतरांस ५०० रुपये, तेही हप्त्यांनीं. या योजनेनें देशभर पुष्कळ घरें उजळलीं, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. ती २०२२ च्या मार्चअखेर संपली. जोडणी देणें हें तिचें काम होतें. जोडणी टिकविणें हें काम मात्र कोणाच्याच नांवावर लिहिलें गेलें नाहीं.

जोडणी कां टिकत नाहीं, हें समजण्यास कातकऱ्याचें वर्ष पाहावें. कातकरी म्हणजे मूळचा काथ करणारा. खैराच्या लांकडाचा काथ गेला, जंगल राखीव झालें, तेव्हां तो कोळशाच्या भट्टीवर मजूर झाला आणि पुढें विटांच्या भट्टीवर. पावसाळ्यांत शेतावरची मजुरी, दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर प्रस्थान, वैशाखाच्या अखेरीस परत. सहा महिने घराला कुलूप. परंतु स्थिर आकाराचें बिल कुलूप पाहून थांबत नाहीं. परत आल्यावर हातांत बाकीचा कागद पडतो, बाकी भरली नाहीं कीं तार तुटते, आणि एकदां तुटलेली तार पुन्हां जोडून घेण्यास तालुक्याच्या गांवीं हेलपाटे घालावे लागतात. रोजंदारीच्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची भाकर. कातकरी ही महाराष्ट्रांतील विशेष दुर्बळ मानलेल्या तीन आदिम जमातींपैकीं एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. त्यांच्यासाठीं नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्रानें जनमन योजना सुरू केली. तींत घर, रस्ता, पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार आहे, आणि हा विचार योग्य दिशेचा आहे.

दुसरी अडचण जमिनीची. अनेक कातकरवाड्या ज्या जागेवर पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत, ती जागा कागदोपत्रीं दुसऱ्याची किंवा वनखात्याची असते. घरपट्टीची पावती नाहीं म्हणून वीज नाहीं, आणि विजेचें बिल नाहीं म्हणून राहण्याचा पुरावा नाहीं, असा हा फेरा आहे. कायदा मात्र इतका कठोर नाहीं. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमांत वीज मागण्याचा अधिकार जागेच्या मालकाबरोबर ताबेदारासही दिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत शाळा, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर विजेच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जेचीं साधनें यांसाठींही वनजमीन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षां कमी जागा, हेक्टरी ७५ हून अधिक झाडें तोडावयाचीं नाहींत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे, एवढ्याच अटी. म्हणजे ज्या कारणासाठीं वाडीची तार वर्षानुवर्षें अडते, त्या कारणाचें औषध कायद्याच्या पुस्तकांत आहे. तें पुस्तक उघडून ग्रामसभेंत वाचणारा मनुष्य पाहिजे.

येथवर दिव्याची गोष्ट झाली. परंतु घरांत दिव्यापेक्षां चूल अधिक जुनी आणि अधिक खर्चाची. डोंगरांतील स्त्रीचा दिवस सरपणानें सुरू होतो. पहांटे उठून रान गांठावें, वाळकीं लांकडें तोडावीं, मोळी बांधावी, डोक्यावर घेऊन उतरावें. घरच्या चुलीपुरतें झालें कीं दुसरी मोळी बाजारांत विकावयाची. साध्या तीन दगडांच्या चुलींत लांकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास लागतो. बाकीची उष्णता वाऱ्यावर जाते, आणि धूर मात्र सगळा घरांत राहतो. पावसाळ्यांत तर विचारूं नये. या पट्ट्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. लांकूड ओलें, दार बंद, आणि धुरानें भरलेल्या एका खोलींत आई, पाळण्यांतलें मूल आणि खोकणारी म्हातारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरगुती चुलींच्या धुरानें जगांत ३२ लक्ष माणसें अकालीं मृत्यु पावलीं. हा आंकडा ऐकून मन बधिर होतें. त्यापेक्षां एका चुलीपाशीं दहा मिनिटें बसून पाहावें, म्हणजे तो अधिक चांगला समजतो.

या धुरावर उपाय म्हणून १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं तिची आठ कोटींवी जोडणी महाराष्ट्रांतच, त्या वेळच्या औरंगाबादेस, देण्यांत आली. शेगडी आली, सिलिंडर आला. पण पहिला सिलिंडर संपल्यावर दुसरा कोणी आणावयाचा? सरकारनें संसदेंत दिलेल्या माहितीवरून दिसतें कीं २०१९-२० सालीं उज्ज्वलेचें कुटुंब वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेत होतें, आणि अनुदान वाढल्यावर २०२३-२४ सालीं हा आंकडा चारच्या जवळ आला. रोजचा सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या घरास याच्या दुप्पट तरी लागतात. म्हणजे सणासुदीला, पाहुण्याला, चहाला गॅस, आणि रोजच्या भाकरीला पुन्हां तेंच लांकूड. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं अन्नपूर्णा योजनेंत वर्षास तीन सिलिंडर मोफत देण्याचें जाहीर केलें. ही मदत मोलाची आहे. पण सिलिंडराची किंमत एकरकमी द्यावयाची, तीही आधीं, आणि अनुदान मागाहून बँकेंत जमा व्हावयाचें, ही रीत मासिक पगाराच्या घरास सोयीची आहे. ज्या घरांत आषाढांत रोख पैसा दिसत नाहीं, त्या घरास ती सोयीची नाहीं.

आतां धान्यकोठीची आठवण करावी. भाई कोतवालांनीं धान्याचें जें केलें, तें लहान सिलिंडरांचें कां करूं नये? १४.२ किलोच्या सिलिंडराऐवजीं पांच किलोचा सिलिंडरही उज्ज्वला योजनेंत घेतां येतो. तो डोंगरावर एका माणसास नेतां येतो, आणि त्याची किंमत एका वेळीं काढणें कमी जड जातें. वाडीच्या बायकांच्या बचत गटाला सरकारनें आरंभींचें भांडवल द्यावें. पायथ्याच्या गांवीं, वितरकाच्या व सुरक्षेच्या नियमांत राहून, गटाची कोठी असावी. पावसाळ्यांत सिलिंडर उचलावा, आणि मजुरी किंवा भात हातीं आल्यावर फेडावा. अनुदानाचा हिशेब गटाच्या खात्यांत आपोआप व्हावा. यांत नवीन असें कांहींच नाहीं. पत कोणाची धरावयाची, एवढाच प्रश्न आहे, आणि या तालुक्यांत त्या प्रश्नाचें उत्तर ऐंशीं वर्षांपूर्वीं देऊन झालेलें आहे.

तथापि गॅस हा सर्वस्वीं बाहेरून येणारा पदार्थ. टिकाऊ वस्ती उभी करावयाची तर तिच्या पायाशीं कांहीं तरी घरचें असावें लागतें. तें घरचें म्हणजे रान. या रानाविषयींचें भांडण फार जुनें आहे. ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या, राबासाठीं टहाळ आणि चुलीसाठीं लांकूड मिळेनासें झाल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. त्या वेळीं लोक हक्क मागत होते आणि सरकार सवलत देऊं करीत होतें. २००६ च्या कायद्यानें हा शब्दांचा फरक मिटविला. सामूहिक वनहक्क हा आतां हक्कच आहे, आणि गौण वनोपजांत काटक्या व खोडक्यांचाही समावेश आहे. गडचिरोलींतील मेंढा-लेखा या गांवानें २००९ सालीं असा हक्क मिळवून आपलें जंगल राखून दाखविलें. कर्जत-खालापूरच्या वाड्यांनींही वरकस आणि पडीक जमिनीवर लवकर वाढणारें, छाटलें तरी पुन्हां फुटणारें सरपण लावावें आणि तें ग्रामसभेच्या नियमानें तोडावें. त्याच्या जोडीला सुधारलेली चूल आली तर तेवढ्याच अन्नाला निम्मीं लांकडें पुरतात. सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशींच्या दशकांत सुरू होऊन २००२ च्या सुमारास बंद पडला, कारण चुली वाटल्या गेल्या पण त्यांची दुरुस्ती कोणी पाहिली नाहीं. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनें, डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखालीं, शेतांतील पाचोळ्यापासून कोळसा आणि खरकट्यावर चालणारें लहान गॅसयंत्र तयार केलें. दोहोंबद्दल तिला आंतरराष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. ज्ञान आहे, तें दूरही नाहीं. घाट चढून गेलें कीं पुणें.

सौर दिव्यांविषयींही दोन शब्द बोलणें अवश्य आहे. ज्या वाडीपर्यंत तार नेणें खरोखर कठीण, तेथें सूर्यावरचे दिवे हा उत्तम उपाय. परंतु कोंकणच्या आषाढांत सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाहीं, आणि दिव्याची बॅटरी कांहीं वर्षांत थकते. दिवे वाटून छायाचित्र काढणें सोपें. तिसऱ्या वर्षीं बॅटरी कोण बदलणार, याचें उत्तर आधीं ठरविणें कठीण. म्हणून जेथें तार पोहोंचूं शकते तेथें तारच द्यावी, आणि सौर दिवा तिच्या जोडीला असावा. प्रत्येक चार-पांच वाड्यांमागें त्याच वाडींतील एक मुलगा किंवा मुलगी दुरुस्तीचें काम शिकवून पगारावर नेमावी. दुरुस्तीशिवाय कोणतीही योजना टिकलेली नाहीं.

कोणी म्हणेल, गांवानें स्वतःच वीज वितरण कां करूं नये? तोही प्रयोग महाराष्ट्रांत झाला आहे. अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था १९६९ सालीं निघाली. देशांतील पहिल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकीं ती एक. चार दशकें तिनें शेंकडों वर्षांच्या अंधारांत वीज नेली, परंतु थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ सालीं तिचें काम राज्याच्या वितरण कंपनीकडे गेलें. धडा असा कीं सहकार म्हणजे फुकटपणा नव्हे. गरिबास जें द्यावयाचें तें उघडपणें अनुदान म्हणून द्यावें, थकबाकी म्हणून सांचूं देऊं नये.

मग हें अनुदान कोठून यावें? येथें पुन्हां त्या नळांकडे पाहावें लागतें. आज खोपोलीच्या केंद्राची शक्ति ७२ मेगावॅट आणि भिवपुरीची ७५ मेगावॅट आहे. पन्नास घरांची एक वाडी घेतली आणि दर घरास महिना तीस युनिट धरलीं, तर वाडीस महिनाभर पंधराशें युनिट लागतात. एवढी वीज खोपोलीचें केंद्र पूर्ण शक्तीनें चालत असतां सव्वा मिनिटांत निर्माण करूं शकतें. सव्वा मिनिट! जुन्या केंद्रांच्या वेळीं असा वांटा मागण्याची रीत नव्हती. पुढें २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणानें प्रकल्पबाधित कुटुंबास दहा वर्षें महिना शंभर युनिट देण्याचें आणि एक टक्का वीज स्थानिक विकासासाठीं राखण्याचें तत्त्व मान्य केलें.

आणि आतां याच भिवपुरीस नवा प्रकल्प येऊं घातला आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें राज्य सरकार आणि टाटा पॉवर कंपनी यांच्यांत करार झाला. त्याप्रमाणें शिरवत्यास १८०० आणि भिवपुरीस १००० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प व्हावयाचे आहेत. उदंचन म्हणजे मागणी कमी असतां स्वस्त विजेनें खालचें पाणी वरच्या तलावांत चढवावयाचें, आणि सायंकाळीं शहरांत दिवे लागले कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज करावयाची. सूर्य मावळल्यावर सौर वीज कोठून आणावी, या प्रश्नाचें हें उत्तर आहे, आणि देशाला त्याची गरज आहे. परंतु चढविण्यास जेवढी वीज लागते तेवढी उतरतांना परत मिळत नाहीं. या कारणासाठीं २०२३ च्या केंद्रीय सूचनांनीं अशा प्रकल्पांना मोफत विजेच्या बंधनांतून सोडलें आहे. राज्याला ठोक वीज देण्याच्या बाबतींत हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण पायथ्याच्या वाड्यांच्या बाबतींत तो लागूं पडत नाहीं. हजार कुटुंबांना महिना शंभर युनिट म्हणजे एक लक्ष युनिट. हजार मेगावॅटचा प्रकल्प तेवढी वीज सहा मिनिटांत देईल. महिन्यांतील सहा मिनिटें जड होतील असा व्यवसाय कोणी सुरू करणार नाहीं. तेव्हां ही गोष्ट दयेची म्हणून मागूं नये. परवानगीच्या अटींत, बांधकाम पुरें होण्यापूर्वीं, ती लिहून घ्यावी. काम झाल्यावर मागितलेल्या वाट्याचें काय होतें, हें धरणग्रस्तांना विचारावें.

दिवा आणि चूल यांच्या या विचाराला एक शेवटची बाजू आहे, आणि ती दुःखाची आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, मुसळधार पावसांत, खालापूर तालुक्यांतील इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सांपडले. सत्तावन्न माणसें ढिगाऱ्याखालींच राहिलीं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीस आलेल्या जवानांना आणि तरुणांना चिखलाच्या पायवाटेनें चढावें लागलें, आणि माती उपसण्याचीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, म्हणून हातांनीं खणावें लागलें. वांचलेल्यांना प्रथम तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवून पुढें चौक परिसरांत त्यांच्यासाठीं नवीं घरें बांधण्यांत आलीं. याच इर्शाळगडाच्या पायथ्याला मोरबे धरण आहे, आणि त्याचें पाणी नवी मुंबईच्या घरांत जातें. डोंगरानें पाणी दिलें, वीज दिली, लांकूड-कोळसा दिला, मजूर दिले. डोंगरावरचा मनुष्य मात्र सुरक्षित जागेवर आहे किंवा नाहीं, हें पाहण्याचें काम त्या रात्रीपर्यंत मागें राहिलें. म्हणून दिवा, चूल, रस्ता आणि निर्धोक जागा यांचा विचार चार खात्यांनीं चार वेळां करूं नये. वाडीच्या एका नकाशावर एकाच वेळीं तो झाला पाहिजे. ज्या वाडीला दरडीचा धोका आहे, तिला तार नेण्यापूर्वीं लोकांच्या संमतीनें जागा द्यावी. आणि ती जागा रानापासून, शेतापासून, कामापासून इतकी दूर नसावी कीं नवें घर मिळून पोट तुटावें.

सारांश, धोरणाचीं कलमें फार नाहींत. गांवाऐवजीं वाडी मोजावी, आणि जोडण्यांऐवजीं उजेडाचे तास मोजावेत. स्थलांतराच्या महिन्यांत स्थिर आकार थांबवावा. ताबेदाराला वीज देण्याचा कायदा पाळावा आणि वनहक्काच्या तरतुदीचा ठराव ग्रामसभेनें करावा. पांच किलोच्या सिलिंडराची कोठी काढावी. सरपणाचें रान ग्रामसभेच्या हातीं द्यावें. दुरुस्तीला वाडींतलाच माणूस नेमावा. नव्या प्रकल्पांत पायथ्याचा वांटा आधीं लिहावा. यांपैकीं बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाहीं. ग्रामसभेचे ठराव ऑगस्ट आणि जानेवारींतील राष्ट्रीय दिनांना होतच असतात. त्या दिवशीं तालुक्यांतील शिक्षक, वकील, डॉक्टर यांपैकीं कोणी वाडीवर जाऊन कायद्याचें तें पान वाचून दाखवूं शकेल. मुंबई-पुण्याहून सुटीसाठीं कर्जतला येऊन डोंगरांत घरें बांधणाऱ्या कुटुंबांनीं तर आपल्या कुंपणापलीकडच्या वाडींत दिवा आहे किंवा नाहीं, एवढें तरी विचारावें.

श्रोतेहो, आज रात्रीं घरांतील दिवा मालवितांना खोपोलीच्या त्या नळांची आठवण ठेवावी. तेथें पडणाऱ्या पाण्याचें सव्वा मिनिट एका वाडीला महिनाभर पुरतें. तें सव्वा मिनिट वाडीला मिळावें, एवढीच मागणी आहे.